अखंड पडणारा चंद्र

“चंद्र खालीं कां पडत नाहीं?” हा प्रश्न प्रत्येक घरांतील एखादें तरी मूल केव्हां ना केव्हां विचारतें, आणि बहुतेक घरांत त्यास “तो वर आहे म्हणून,” किंवा “उगाच कांहीं तरी विचारूं नकोस,” असें उत्तर मिळतें. आमच्या मतें मनुष्यजातीनें विचारलेल्या उत्तमोत्तम प्रश्नांपैकीं हा एक आहे. झाडावरील आंबा देंठ सुटतांच खालीं येतो. कौलांवर गेलेला चेंडू घरंगळत अंगणांत येतो. ढगांतील पाण्याचा थेंब मोठा झाला कीं तोही वर राहूं शकत नाहीं. मग ज्याला देंठ नाहीं, दोरी नाहीं, खांब नाहीं, असा तो प्रचंड दगडाचा गोळा वर कसा राहतो? याचें खरें उत्तर ऐकून मूल हंसेल. चंद्र पडत नाहीं, असें नाहींच. तो पडत आहे. हीं अक्षरें वाचीत असतांनाही पडत आहे. आणि पडत आहे म्हणूनच तो आपणांस सोडून गेलेला नाहीं.

हें विधान विचित्र वाटतें, कारण आपणां सर्वांच्या मनांत एक जुनी समजूत घट्ट बसलेली असते. हालणारी वस्तु हालत राहावी तर तिला कोणी तरी सतत ढकलीत किंवा ओढीत असलें पाहिजे, अशी ती समजूत होय. तिला अनुभवाचा आधारही आहे. बैल उभे राहिले कीं गाडी उभी राहते. वल्हीं थांबलीं कीं होडी थांबते. यूरोपांतील मोठमोठे पंडित कित्येक शतकें असेंच मानीत आले, आणि ग्रहांना ढकलतो कोण याचा शोध करतां करतां त्यांतील कित्येकांनीं तें काम देवदूतांकडे सोंपवून दिलें. ज्या केप्लरनें १६०९ सालीं मंगळाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे हें सांगितलें, त्यालाही या समजुतींतून सुटतां आलें नाहीं. स्वतःभोंवतीं फिरणाऱ्या सूर्यापासून एक शक्ति निघते आणि ती ग्रहांना आपल्याबरोबर फिरवीत नेते, असें तो मानी. ‘इनर्शिआ’ हा शब्द पदार्थविज्ञानांत त्यानेंच आणला. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ आळस. जड पदार्थ हा स्वभावतःच आळशी आहे, ढकलणें थांबलें कीं तो जेथें असेल तेथें बसकण मारतो, असें त्याचें म्हणणें होतें.

आपण त्याच शब्दाला जडत्व म्हणतों, आणि या नांवानें विद्यार्थ्यांची निम्मी फसगत होते अशी आमची तक्रार आहे. जड म्हटलें कीं सुस्त पडलेली वस्तु डोळ्यांपुढें येते. स्थिर वस्तु आपण होऊन चालूं लागत नाहीं, हें जडत्वाचें एक अंग झालें. परंतु चालती वस्तु आपण होऊन थांबत नाहीं आणि आपण होऊन वळतही नाहीं, हें दुसरें अंग आहे, व ग्रहांच्या बाबतींत सारें महत्त्व या दुसऱ्या अंगाला आहे. गॅलिलिओनें उतरत्या फळ्यांवरून गोळे सोडून त्याची पहिली चाहूल घेतली, डेकार्टनें चालती वस्तु सरळ रेषेंतच जाऊं पाहते हें स्पष्ट केलें, आणि न्यूटननें १६८७ च्या आपल्या ग्रंथांत तो गतीचा पहिला नियम म्हणून मांडला. गाडी थांबते ती घर्षणामुळें. कॅरमच्या पाटावर पावडर टाकली कीं तीच सोंगटी तेवढ्याच टिचकीनें किती दूर जाते, हें मुलांना सांगावयास नको. जेथें घर्षण जवळजवळ नाहींच अशी जागा पाहावयाची तर आकाशांत जावें लागेल. १९७७ सालीं सोडलेलें व्हॉयेजर-१ हें यान सेकंदाला सुमारें १७ किलोमीटर वेगानें सूर्यापासून दूर चाललें आहे, आणि तो वेग राखण्यासाठीं त्यावर कोणतेंही इंजिन चालूं ठेवावें लागत नाहीं. कोणी थांबविलें नाहीं म्हणून तें चाललें आहे, एवढेंच.

तेव्हां चंद्राला ढकलतो कोण, हा प्रश्नच मुळीं उरत नाहीं. खरा प्रश्न असा कीं त्याला वळवितो कोण?

येथें आम्हांस गोफणीची आठवण होते. आमच्या लहानपणीं जोंधळा हुरड्यास आला म्हणजे शेतांतील माळ्यावर उभें राहून पाखरें राखण्याचें काम घरांतील मुलांकडे असे. गोफणीचें एक टोंक बोटांत अडकवावयाचें, दुसरें चिमटींत धरावयाचें, मध्यल्या खोबणींत दगड ठेवून डोक्यावरून गरगर फिरवावयाचें आणि नेमक्या क्षणीं चिमटी सोडावयाची. दगड फिरत असतां हाताला जो ताण जाणवतो तो ज्यानें अनुभवला, त्याला या विषयाचें निम्मे ज्ञान झालें असें समजावें. दगडाला आपण सतत आपल्याकडे ओढीत असतों, आणि तो मात्र जवळ येत नाहीं. चिमटी सुटली कीं तो कोठें जातो? पुष्कळांची कल्पना अशी कीं तो हातापासून थेट बाहेरच्या बाजूस उडतो. तसें समजून नेम धरणाराचा दगड शेजाऱ्याच्या शेतांत जातो. सुटल्या क्षणीं दगडाचें तोंड ज्या दिशेस असेल त्याच दिशेस, वर्तुळाच्या स्पर्शरेषेवरून, तो सरळ जातो. गुराखी पोरांस ‘स्पर्शरेषा’ हा शब्द ठाऊक नसे. पण नेम त्याच रेषेनें धरलेला असे.

चंद्र हा असा गोफणींतील दगड आहे. पृथ्वीची ओढ या क्षणीं नाहींशी झाली तर तो तिच्यापासून थेट दूर उडणार नाहीं, आणि खालींही पडणार नाहीं. त्या क्षणीं ज्या बाजूस तोंड असेल त्या बाजूस सेकंदाला सुमारें एक किलोमीटर या आपल्या नेहमींच्या वेगानें तो निघून जाईल. ही सरळ वाट त्याला चालूं न देणारी दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. फरक एवढाच कीं ही दोरी दिसत नाहीं आणि ती तुटत नाहीं.

परंतु आंब्याला खालीं आणणारी ओढ आणि चंद्राला वळविणारी ओढ ही एकच, हें कशावरून? वस्तु जमिनीवर पडतात हें सर्वांस ठाऊक होतें. चंद्र फिरतो हेंही सर्वांस ठाऊक होतें. दोहोंचा संबंध गणितानें जोडून दाखविणें हें न्यूटनचें काम. १६६५ सालीं इंग्लंडांत प्लेग पसरला, केंब्रिजचें विद्यापीठ बंद पडलें, आणि बाविशींतील हा तरुण वूल्सथॉर्प येथील आपल्या घरीं परत आला. तेथें त्यानें जो हिशेब आरंभिला तो पुढें पुरा झाला. आमच्या वरच्या वर्गांतील कोणाही विद्यार्थ्यास तो स्वतः करून पाहतां येईल, म्हणून येथें देतों.

पृथ्वीच्या मध्यापासून आपण पृथ्वीच्या एका त्रिज्येइतके दूर आहों. चंद्र सुमारें ६० त्रिज्या दूर आहे. अंतर ६० पट झालें म्हणजे ओढ ६० च्या वर्गानें, म्हणजे ३,६०० पट, कमी व्हावी असें न्यूटनचें अनुमान. आतां, येथें हातांतून सुटलेली वस्तु पहिल्या सेकंदांत सुमारें ४.९ मीटर, म्हणजे ४,९०० मिलिमीटर खालीं येते. याला ३,६०० नीं भागा. १.३६ मिलिमीटर येतात. अनुमान खरें असेल तर चंद्र एका सेकंदांत आपल्या सरळ वाटेपासून एवढाच पृथ्वीकडे पडला पाहिजे. ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूनें पाहूं. चंद्राचें अंतर सुमारें ३,८४,४०० किलोमीटर, आणि पृथ्वीभोंवतीं एक फेरी त्याला २७.३ दिवसांत पुरी होते. यावरून त्याची वाट दर सेकंदाला किती वांकते तें काढा. उत्तर पुन्हां १.३६ मिलिमीटर! एक आंकडा फळ झाडावरून पडण्यावरून काढलेला, दुसरा महिन्याच्या लांबीवरून काढलेला, आणि दोन्ही एकमेकांस येऊन मिळतात. आम्हीं हें गणित जेव्हां जेव्हां फळ्यावर केलें आहे, तेव्हां तेव्हां वर्गांत क्षणभर शांतता झालेली आहे. न्यूटनच्या पहिल्या हिशेबांत हे आंकडे जवळजवळच जुळले. पृथ्वीच्या आकाराचें त्याच्यापाशीं असलेलें माप चुकीचें होतें. हॅलेनें पाठीस लागून व पदरचा पैसा खर्चून त्याचा ग्रंथ छापविला नसता, तर त्याचें सारें काम किती दिवस कागदांच्या गठ्ठ्यांत पडून राहिलें असतें कोण जाणे.

पडणारी वस्तु जमिनीवर येतच नाहीं, ही कल्पना पटण्यासाठीं न्यूटननेंच एक युक्ति सांगितली आहे. एका अतिशय उंच डोंगराच्या माथ्यावर तोफ ठेवा आणि गोळा आडवा मारा. तो वांकत वांकत कांहीं अंतरावर पडेल. दारू वाढवा; तो आणखी दूर पडेल. जंजिऱ्याची कलालबांगडी एवढी नांवाजलेली, पण तिचाही गोळा शेवटीं पाण्यांतच पडे, कारण वेग अपुरा. परंतु पृथ्वी सपाट नाहीं. दर ७.९ किलोमीटरांस तिचा पृष्ठभाग सरळ रेषेपासून ४.९ मीटर खालीं वळतो. म्हणून हवेचा अडथळा नसेल, आणि गोळा सेकंदाला ७.९ किलोमीटर या वेगानें जाईल, तर तो एका सेकंदांत जितका पडेल तितकीच जमीनही त्याच्याखालून वळलेली असेल. तो पडतच राहील, आणि जमीन त्याला सांपडणारच नाहीं. वेग याहून थोडा अधिक असला तर वाट लंबवर्तुळाकार होईल, सेकंदाला ११.२ किलोमीटरांच्या पुढें गेला तर गोळा पुन्हां परत येणार नाहीं. न्यूटनची ही कागदावरील तोफ १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियानें स्पुटनिक सोडून खरी केली. पकडून ठेवण्यासाठीं वेग अति होऊनही चालत नाहीं, हें आपल्या मंगळयानावरून दिसलें. २४ सप्टेंबर २०१४ रोजीं तें मंगळाजवळ पोंचलें तेव्हां त्याचें इंजिन सुमारें २४ मिनिटें उलट दिशेनें चालवून वेग कमी करावा लागला. तसें केलें नसतें तर तें मंगळाला वळसा घालून निघून गेलें असतें.

आकाशांतील वस्तु पडण्याची भीति मात्र आम्हीं डोळ्यांनीं पाहिली आहे. १९७३ सालीं अमेरिकेनें सोडलेली सुमारें ७७ टनांची स्कायलॅब नांवाची प्रयोगशाळा १९७९ च्या जुलैंत पडणार, आणि कोठें पडेल हें नक्की सांगतां येत नाहीं, अशी बातमी रेडिओवर आली. आम्ही तेव्हां पांचवींत होतों. गांवांत दुसरें बोलणें नव्हतें. कोणी म्हणे आपल्याच तालुक्यावर येणार. कोणी बाजाराचे पैसे खर्चून गोडधोड करून खाल्लें, कारण उद्यांचा भरंवसा काय? ११ जुलैच्या रात्रीं बाहेर पाऊस कोसळत होता, आणि आमच्या आजीनें घरांतल्या सगळ्यांना माजघरांत एकत्र निजविलें. “जायचं तर सगळे मिळून जाऊं,” एवढेंच ती म्हणाली, आणि कंदील मोठा करून बसली. आपल्या घड्याळाप्रमाणें रात्रीं दहाच्या सुमारास स्कायलॅब हवेंत शिरून फुटली. तिचे तुकडे हिंदी महासागरांत व ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागांत पडले. कोणासही इजा झाली नाहीं. (तेथील एस्परन्स गांवच्या अधिकाऱ्यांनीं रस्त्यांत कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अवकाशसंस्थेस चारशें डॉलर दंड केला, हें आम्हांस मोठेपणीं कळलें!)

दुसऱ्या दिवशीं बातमी ऐकून घर मोकळें झालें, पण आजी गप्पच होती. संध्याकाळीं तिनें आमच्या वडिलांस विचारलें, “माणसांनीं टांगलेलं पडलं. मग देवानं टांगलेला चंद्र पडणार नाहीं कशावरून?” वडील म्हणाले, “आई, देवाची दोरी घट्ट असते.” त्यावर ती म्हणाली, “पण दोरी आहे का रे?” तिच्या या प्रश्नास त्या दिवशीं कोणीं उत्तर दिलें नाहीं. तिला अक्षरओळख नव्हती. तरी न्यूटनच्या उंबरठ्यावर ती येऊन उभी राहिली होती, असें आज आम्हांस वाटतें.

तिला सांगावयास हवें होतें तें हें. चंद्र टांगलेला नाहीं, आणि स्कायलॅबही टांगलेली नव्हती. ती सहा वर्षें पडतच होती, चंद्रासारखीच. आणि सहा वर्षें जमिनीला चुकवीत होती. परंतु ती होती अवघ्या सुमारें ४३५ किलोमीटरांवर. तेथें हवा अत्यंत विरळ असली तरी अगदींच नाहीं असें नाहीं. त्या सुमारास सूर्यावरील खळबळ वाढली, वरची हवा तापून फुगली, आणि तिच्या अडथळ्यानें स्कायलॅबची कक्षा खालीं खालीं येत गेली. पडणें नवें नव्हतें; जमिनीला चुकविण्यापुरतें पुढें जाणें उरलें नाहीं, हें नवें होतें. चंद्र त्याहून जवळजवळ नऊशें पट दूर आहे. त्याच्या वाटेंत असा वारा नाहीं.

याच जातीची एक चुकीची कल्पना अंतराळवीरांविषयीं आहे. १९८४ सालीं राकेश शर्मा अवकाशांत तरंगतांना सर्व देशानें पाहिले, आणि तेथें गुरुत्वाकर्षण नाहीं असें पुष्कळांनीं ठरवून टाकलें. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरील ओढीच्या नऊदशांशांच्या आसपास असते. माणूस, त्याचें यान आणि त्याच्या हातांतील चमचा हीं सर्व एकाच चालीनें पडत असतात, म्हणून एकमेकांवर त्यांचा भार पडत नाहीं.

पालकांनीं घरीं मुलांना समजावितांना आणखी एका गोष्टीची काळजी घ्यावी. आंत ओढणारी एक प्रेरणा आणि बाहेर नेणारी दुसरी प्रेरणा समतोल झाल्या म्हणून चंद्र टिकला, असें कित्येक ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. चंद्रावर बसून हिशेब मांडणारास तसें म्हणतां येईल. पृथ्वीवरून पाहणारानें तसें म्हणूं नये. प्रेरणा खरोखरच समतोल झाल्या असत्या तर बाकी शून्य उरली असती, आणि पहिल्या नियमाप्रमाणें चंद्र सरळ निघून गेला असता. प्रेरणा एकच आहे, ती गुरुत्वाकर्षणाची. दुसरें जें आहे ती प्रेरणा नव्हे, ती चंद्राची स्वतःची चाल आहे. सूर्याभोंवतीं पृथ्वीचेंही तेंच. तुम्ही ‘एक’ म्हणाल तेवढ्यांत ती सुमारें ३० किलोमीटर पुढें जाते आणि सुमारें ३ मिलिमीटर सूर्याकडे पडते. हें प्रमाणही वर्षभर अगदीं सारखें नसतें: जानेवारीच्या आरंभीं पृथ्वी सूर्यापासून सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटरांवर असते व अधिक वेगानें धांवते, जुलैच्या आरंभीं सुमारें १५ कोटि २१ लक्ष किलोमीटरांवर जाते व मंदावते. आपण कुडकुडतों त्या दिवसांतच सूर्य जवळ असतो, हें ऐकून अनेकांस नवल वाटतें; थंडी पृथ्वीच्या कललेल्या आंसामुळें पडते, अंतरामुळें नव्हे.

राहिला तो प्रश्न या आडव्या चालीचा. ती प्रथम दिली कोणीं? रिचर्ड बेंटली नांवाच्या धर्मोपदेशकास १६९२–९३ सालीं लिहिलेल्या पत्रांत न्यूटननें या प्रश्नास हात घातला आहे. गुरुत्वाकर्षण ग्रहांना सूर्याकडे आणील, पण त्यांना योग्य मापाची आडवी गति तें देऊं शकणार नाहीं. ती ईश्वराच्या हातानेंच मिळाली असली पाहिजे, असा त्याचा अभिप्राय. पुढें विज्ञानास आणखी मागें पाहतां आलें. सुमारें ४६० कोटि वर्षांपूर्वीं वायु व धूळ यांचा एक विशाल ढग मंदपणें फिरत होता. तो आकुंचित होत गेला तसें त्याचें फिरणें वाढलें, आणि त्यांतून झालेल्या ग्रहांना ती चाल वारशानें मिळाली. चंद्र हा बहुधा कोवळ्या पृथ्वीवर मंगळाएवढा एक गोल आदळून उडालेल्या द्रव्याचा बनला. ईश्वराचा हात कोठें पाहावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु आपल्या ज्ञानांत जेथें फट दिसेल तेवढीच बुजविण्यासाठीं त्याला बोलाविणें, हें आम्हांस त्याच्या मोठेपणास शोभणारें वाटत नाहीं. गुरुत्वाकर्षणाचें मूळ कारण काय हें सांगण्याचें न्यूटननें टाळलें. आईन्स्टाईननें १९१५ सालीं तें अवकाश व काल यांच्या वक्रतेंत शोधलें, आणि बुधाच्या कक्षेंतील न जुळणारा बारीकसा फरक त्यानें जुळला. तो विषय येथें मावणारा नाहीं.

कोंकणांतील मुलांस उधाणाची आणि भांगाची भरती ठाऊक असते. त्या भरतीचा चंद्रावर उलट परिणाम होतो, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. चंद्राच्या ओढीनें समुद्राला जो फुगवटा येतो तो पृथ्वीच्या फिरण्यानें चंद्राच्या थोडा पुढें नेला जातो, आणि तो चंद्राला हळूच पुढें ओढतो. त्यामुळें चंद्राची कक्षा मोठी मोठी होत चालली आहे. १९६९ च्या जुलैंत तेथें उतरलेल्या माणसांनीं आरसे ठेवले आहेत. त्यांवर पृथ्वीवरून लेझरचा किरण सोडला कीं तो सुमारें अडीच सेकंदांत परत येतो, आणि त्या वेळेवरून अंतर अगदीं बारकाईनें कळतें. चंद्र दर वर्षीं सुमारें ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे. आज पांचवींत असलेला मुलगा साठीस येईल तेव्हां चंद्र त्याच्यापासून आजच्याहून सुमारें १९० सेंटिमीटर अधिक दूर असेल, म्हणजे एका चांगल्या उंच माणसाएवढा. आणि तेव्हांही तो दर सेकंदाला तितकाच, एक मिलिमीटर आणि वर थोडा, पडतच असेल.